तेजूने पाठवलेली चुण्यांची साडी

सिरसाळा, ता. परळी
रविवार, दि. २० एप्रिल २०२५

चि. तेजूस,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहितो, कारण पूर्वी आपल्या गल्लीत पोस्टमन शिरला की पत्र फोडायच्या आधीच बायका डोळ्यांना पदर लावायच्या.

तीन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, फोनवर एक शब्द बोललो नाही आणि आता एकदम हे पत्र. तुला वाटेल अण्णांना ऊन लागलं. ऊन आहेच म्हणा. दुपारी टपरीचा पत्रा असा तापतो की इस्त्रीत कोळसा घालावा की नाही, असा विचार पडतो. पण डोकं ठिकाणावर आहे. फोनवर बोलायला गेलो की शब्द सापडत नाहीत, लिहायला बसलो की सापडतात, एवढंच. ऊसतोडीला जात होतो तेव्हा टोळीतल्या बारा घरांची पत्रं मीच लिहायचो, हे तुला माहीत आहे. सातवी पास म्हणजे टोळीतला मोठा साहेब. तेव्हापासूनची सवय अशी की आधी चार ओळी इकडच्यातिकडच्या लिहायच्या, मग कारणावर यायचं.

तर इकडचं असं आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, दोन्ही पाटी, म्हणजे माद्याच. माझा गुडघा बरा आहे, म्हणजे दुखतो पण चालू देतो. शेजारच्या छबुबाईंनी नवी कवळी बसवली आणि आता त्या गल्लीभर सगळ्यांना हसून दाखवत फिरतात. लग्नसराई जोरात आहे. तुझ्या आईकडे फॉल-पिकोचं काम कमी आणि निऱ्यांचंच काम जास्त. हल्लीच्या पोरींना साडी तर नेसायची असते, पण निऱ्या घालत बसायला सवड नसते. आई निऱ्या घालून पिना लावून देते, मी वरून इस्त्री मारतो, की झालं. नवरीने नुसती कमरेला खोचायची. मागच्या आठवड्यात एका नवरीच्या मावशीने गंमत केली. "नव्या कोऱ्या साडीला इतक्या टाचण्या कशाला?" म्हणून तिने घरी गेल्यावर सगळ्या पिना काढून टाकल्या आणि साडी झटकून घडी करून ठेवली. लग्नाच्या दिवशी सकाळी आईला मोटारसायकलवर बसवून नेलं, परत निऱ्या घालायला. सगळी गल्ली हसली. मी हसलो नाही. हसायला मला तोंड नव्हतं. का, ते पुढे येईल.

पत्र लिहिण्यास कारण की, मागच्या रविवारी तू आईला फोनवर जे म्हणालीस ते मी ऐकलं. आईने फोन स्पीकरवर टाकला होता. तू म्हणालीस, "दीड महिना झाला, एक फोटो पाठवंना झालीस. अण्णांनीच नेसू दिली नसंल साडी. राहू दे आई. मी संस्कृतीच्या लग्नाला येत न्हाई." आणि फोन ठेवलास.

संस्कृती तुझी सख्खी मावसबहीण. तुम्ही दोघी लहानपणी घाटनांदूरला एका ताटात जेवलात, एकीला ताप आला की दुसरी शाळा बुडवायची. तिच्या लग्नाला तू येणार नाहीस आणि कारण मी, हे मला पचलं नाही. चार दिवस मी इस्त्री कुठे फिरवतो याचं मला भान नव्हतं.

म्हणून सांगतो, मी साडी नेसू दिली नाही हे खोटं आहे. मी असं काहीही म्हणालो नाही. फक्त एवढंच झालं आहे की पार्सलच्या प्रवासात साडीला थोडंसं, म्हणजे हवेतल्या दमटपणामुळे म्हण, तिच्या त्या चुण्या जरा

मंगळवार, दि. २२ एप्रिल

परवा वरचं वाक्य अर्धं सोडलं, कारण तुझी आई मागे येऊन उभी राहिली होती. अक्षराखाली बोट ठेवून तिने सगळं वाचलं आणि म्हणाली, "सिरसाळ्यात दमटपणा? मार्च म्हैन्यात? आडात पानी न्हाई अन् हवेत हाय व्हय? खरं लिवा. न्हाईतर द्या इकडं, मी लिविते."

तिने लिहिलं तर माझी काही धडगत नाही. त्यापेक्षा मीच लिहितो.

इचलकरंजीहून तुझं पार्सल आलं तेव्हा आई घरी नव्हती. चकलांब्याला मामाच्या नव्या घराची वास्तुशांती होती, ती तीन दिवसांसाठी तिकडे गेली होती. पार्सल मी घेतलं. वर पत्ता तुझ्या अक्षरात. मी ते टपरीत टेबलावर ठेवलं आणि नुसतं बघत बसलो. एक गिऱ्हाईक कपडे घेऊन आलं तर त्याला म्हणालो, आज बंद आहे. टपरी उघडी, इस्त्री तापलेली, मी समोर बसलेला, आणि म्हणतो बंद आहे. तो माझ्याकडे बघत बघत गेला.

मग फोडलं. आत हळदीच्या रंगाची सुती साडी, तांबडे काठ, आणि साडीवर एक बंद पाकीट. पाकिटावर 'आईस' असं लिहिलेलं. आता तुला माहीत आहे, बारा घरांची पत्रं माझ्या हातून गेली, पण कुणी वाच म्हटल्याशिवाय मी कधी कुणाचं पाकीट उघडलं नाही. तेही उघडलं नाही. घरात नेऊन देवळीत ठेवलं. माझा तो चांगुलपणाच मला नडला.

साडी उलगडून टेबलावर पसरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत चुरगळलेली. वीतभर जागा सपाट नाही. आधी वाटलं, वाटेत कुठे तरी ओझ्याखाली चेंगरली. मग वाटलं, ओझ्याखाली इतकी चेंगरत नाही. त्यानंतर जे मनात आलं ते लिहायला आज दीड महिन्याने हात धजतो आहे. वाटलं, माझ्या पोरीकडे साधी इस्त्री नाही. कसल्या खोलीत राहते, काय खाते, कुणास ठाऊक. आईला साडी घ्यायची हौस केली आणि बोळा करून पाठवावी लागली. आणि हिचा बाप कोण, तर ज्याच्या इस्त्रीखाली सिरसाळ्यात सुरकुती टिकत नाही तो.

मी रडलो, तेजू. टपरीचं फळकूट ओढून घेतलं आणि रडलो. मग डोळे पुसले आणि इस्त्रीत कोळसा भरला.

दुपारी बाराला सुरुवात केली. पाणी शिंपडायचं, ओढायचं, दाबायचं. इतकी चिवट सुरकुती मी जन्मात पाहिली नव्हती. एक मोडावी तर शेजारची वर येते. आणि गंमत म्हणजे साडी रुंद होत चालली. पन्हा वाढतच चालला. टेबलाच्या दोन्ही अंगांनी काठ खाली लोंबायला लागले. मी मनात म्हणालो, वा, इचलकरंजीचा माल, पन्हा सढळ हाताने देतात. इतकी वर्षं कपड्यात गेली, पण तेवढीसुद्धा शंका मला आली नाही. संध्याकाळी सहाला काम संपलं. साडी अशी झाली की नोटेसारखी करकरीत. घडी उशाशी ठेवून मी झोपलो, आणि खूप दिवसांनी चांगली झोप लागली.

तिसऱ्या दिवशी आई आली. मी घडी पुढे केली आणि छाती काढून उभा राहिलो. ती आनंदाने आत गेली, नेसायला लागली. जरा वेळाने आतून आवाज आला, "अवो, ही साडी हाय का खिडकीचा पडदा?" बघतो तर साडी तिच्या पावलांपुढे हातभर सरपटत होती. वर ओढून खोचली तर पार छातीपर्यंत आली.

"पन्हा मोठा दिलाय पोरीनं," मी ऐटीत म्हणालो.

मग तिने देवळीतलं पाकीट घेतलं. एकेक अक्षर लावत वाचायला लागली. मधेच थांबली, माझ्याकडे बघितलं. परत वाचलं. परत बघितलं. आणि मग ती सरपटणारी साडी तशीच सावरत खाली बसली आणि हसायला लागली. पोट धरून, पदर तोंडात कोंबून. काय झालं विचारलं तर नुसता हात हलवते. तो आवाज ऐकून छबुबाई धावत आल्या. "कावून गं सुरेखा? कुनी काय केलं?" शेवटी आईने डोळे पुसत मोठ्याने वाचून दाखवलं. तुझीच ओळ तुला लिहून दाखवतो:

'आई, ही साडी माझ्या एकटीच्या हातची. कापड ओलं करून, पिळून, बांधून या चुण्या पाडल्या आहेत. आठ दिवस लागले. हिला इस्त्री करायची नाही. अण्णांच्या हाती तर मुळीच लागू देऊ नकोस, ते पाच मिनिटांत सपाट करतील.'

पाच मिनिटांत म्हणे. सहा तास लागले मला! तेवढं तरी माप तुझ्या चुण्यांच्या पदरात टाकतो.

पत्राच्या शेवटी आणखी एक ओळ होती. ती आईने मोठ्याने वाचली नाही. छबुबाई गेल्यावर कागद माझ्या हातात दिला. त्या ओळीबद्दल आज लिहीत नाही. जमलं तर परवा.

हसून झाल्यावर आई चिडली. आणि चिडली ती अशी की पुढचे आठ दिवस घरात फक्त शेळीशी बोलली. तुझा फोन यायचा तेव्हा मात्र तुला म्हणायची, "लई झ्याक हाय गं, चुन्या तर अशा बारीक!" आणि माझ्याकडे बघून डोळे वटारायची. माझं नाव सांगितलं तर तुझं मन आणखी उतरेल, म्हणून ती खोटं बोलली. फोटो कशाचा पाठवणार, सपाट साडीचा? तिच्यावर रागावू नकोस. तिचा यात काहीच दोष नाही.

मी साडी दुरुस्त करायला निघालो. आधी ओली करून, बोचकं बांधून जात्याखाली दाबून ठेवली. दोन दिवसांनी काढली तर गोधडीच्या घड्यांसारख्या जाड घड्या. मग दोरीने आवळून बघितली. तर ठिकठिकाणी दोरीचेच वळ उठले. आई हे सगळं ओट्यावरून बघत होती, बोलत नव्हती. शेवटी तिला राहवेना. माझ्याकडे न बघता, शेळीला सांगितल्यासारखं म्हणाली, "पिळून बांधली, असं लिवलंय पोरीनं. पिळायची म्हंजी मोळीचं वाढं पिळतेत तशी पिळायची."

तुझ्या लक्षात असेल. उसाच्या शेंड्याचं हिरवं वाढं पिळून त्याचाच बंद करायचा आणि मोळी बांधायची. बारा हंगाम टोळीत आम्ही नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता होतो. मी ऊस तोडायचो, ती वाढं पिळून मोळी आवळायची. तिच्या हातचा पीळ ट्रकमध्ये चढवताना कधी सुटला नाही.

साबुदाण्याची पातळ खळ केली, साडी तिच्यात भिजवली. आईने ओट्यावर बसून, पदर तेवढा सोडून, साडीच्या सगळ्या लांबीला निऱ्या घातल्या, काठाला काठ येईपर्यंत, बोटाच्या पेरापेक्षा बारीक. माझ्याच्याने एकही झाली नसती. मग एक टोक मी धरलं, एक तिने, आणि आमच्या ओट्यापासून छबुबाईंच्या दारापर्यंत साडी ताणून आम्ही पिळायला लागलो. मी फिरवतोय, ती फिरवतेय, आणि पीळ काही पडेना. साडी नुसती गरगर फिरते आणि खळीचे शिंतोडे दोन्ही घरांच्या भिंतींवर.

छबुबाई दारातून म्हणाल्या, "आरं आजिनाथ, दोर वळितोस व्हय रे? बैलं तर कवाच इकलीस की!"

आईने हात थांबवले. आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुमी कुनीकडं फिरिवता?"

"उजवीकडं."

"अन् मी डावीकडं. समोरासमोर हुबं ऱ्हाऊन आसं फिरविलं तर पीळ कसा पडंल? दोघांनी एकाच हाताला फिरवावं लागतंय. सांगायचं न्हाई व्हय?"

"तू बोलत नव्हतीस."

"मी आठ दिस बोलले न्हाई तर साडीचा पीळ पडंना," ती म्हणाली, "तुमी तर तीन वरसं पोरीशी बोलला न्हाईत."

भर गल्लीत म्हणाली. मी माझा हात डावीकडे फिरवायला लागलो.

आणि पीळ पडला, तेजू! काय सांगू तुला. साडी आखडायला लागली, हाताला ओढ बसायला लागली. जसजसा पीळ चढत गेला तसतसे आम्ही दोघं एकमेकांकडे ओढले गेलो. मी दोन पावलं पुढे, ती दोन पावलं पुढे. साडीचं वेटोळं व्हायला लागलं तेव्हा तर इतके जवळ आलो की छबुबाईंनी तोंड फिरवलं. आई हसत होती. तिच्या कपाळावर खळ उडाली होती. मला चकलांब्याच्या मांडवातली नवी नवरी आठवली. पण हे तिला सांगू नकोस.

वेटोळं बांधून चार दिवस पत्र्यावर उन्हात ठेवलं. मग गाठी मी सोडल्या. आईने एक टोक धरलं आणि सावकाश उलगडत गेली, आणि चुण्या आल्या! एका अंगाने, अगदी लांबवर, सरळ. पन्हा परत जागेवर आला. मी ओरडलोच. पोरंबाळं गोळा झाली.

आता आमच्या गल्लीला चुण्यांचं वेड लागलं आहे. छबुबाईंनी दुसऱ्याच दिवशी आपली ओढणी, म्हणजे नातीची, आणून टाकली: "मलाबी एक पिळून दे रं." कॉलेजच्या मुली येतात, त्या याला क्रश म्हणतात. मला म्हणतात, काका, क्रश करून मिळेल का? परवा टपरीच्या पत्र्यावर एका वेळी चौदा ओढण्यांची वेटोळी वाळत होती. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हलवायाने चकल्या घातल्यात. जुन्या धोतराचा पडदा करून तोही पिळला आणि टपरीला लावला. ऊन अडतं आणि वारा आला की छान हलतो. आई सांगत होती की तुम्ही तिकडे उशांचे अभ्रे आणि खिडक्यांचे पडदेसुद्धा असे चुण्यांचे करता. आधी मी म्हणायचो, चुरगळलेलं कापड कोण घेतं? आता मीच सुरकुत्या मोडायच्या आणि सुरकुत्या पाडायच्या, दोन्ही कामं एकाच टेबलावर करतो.

पुढचं परवा. कोळसा विझत आला आहे आणि तिघांचे शर्ट राहिले आहेत.

गुरुवार, दि. २४ एप्रिल

तेजू, हसण्यावारी नेता येईल तेवढं सगळं लिहून झालं. आता उरलेलं लिहितो.

तू अंबाजोगाईचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलंस आणि कापडाचं काम शिकायला इचलकरंजीला निघालीस, तेव्हा स्टँडवर मी तुला एक वाक्य बोललो होतो. "चिंध्याच शिवायच्या होत्या तर शिकलीस कशाला?" पिशवी उचललीस आणि गाडीत बसलीस. खिडकीतून आईला हात केलास, मला केला नाहीस. त्यानंतर मी फोनला हात लावला नाही. लोकांना सांगायचो, पोरगी माझं ऐकत नाही म्हणून बोलत नाही. खरं कारण ते नव्हतं. गाडी हलली त्याच मिनिटाला मला कळलं होतं की मी वाईट बोललो. माझी मान खाली गेली होती, आणि खाली गेलेल्या मानेने काय बोलायचं हे मला सुचत नव्हतं. पहिला महिना गेला, मग वर्ष गेलं. जितके दिवस जास्त झाले तितकं अवघड होत गेलं.

मला वाटायचं, आम्ही दोघांनी हाताला घट्टे पाडून घेतले ते तुझ्या हाताला पडू नयेत म्हणून. तू खुर्चीवर बसावीस, पंख्याखाली. तू हाताचंच काम निवडलंस, तेव्हा मला वाटलं आमचे बारा हंगाम वाया गेले. एवढाच विचार होता बघ. तो तुला नीट सांगायचा सोडून मी ते भलतं बोललो.

त्या दुपारी साडी पिळून झाली तेव्हा माझे खांदे भरून आले होते. आणि एवढं करून आमच्या चुण्या तुझ्यासारख्या आल्या नाहीत. बऱ्या आल्या, पण तुझ्यासारख्या नाहीत. तुझ्या चुण्या केसाएवढ्या बारीक होत्या, एकीला लागून एक, काठापर्यंत गेलेल्या, मधे कुठे तुटलेल्या नाहीत. सहा तास बसून मी त्या एकेक करून मोडल्या, म्हणून त्या कशा होत्या हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. असं काम करायला हात लागतो, आणि डोकं लागतं. तुझ्याकडे दोन्ही आहे. आमचे बारा हंगाम वाया गेले नाहीत.

मी चुकलो, तेजू. साडीचंही चुकलो आणि स्टँडवरही चुकलो. साडीचं अजाणता, स्टँडवरचं जाणूनबुजून.

तुझ्या पत्रातली ती शेवटची ओळ अशी होती: 'इस्त्री करू देऊ नकोस, पण अण्णांना एकदा हात लावून बघू दे.' तो कागद आईने मला दिला तो मी परत दिला नाही. माझ्या खिशात आहे. शर्ट बदलला की तोही बदलतो. तीन वर्षं ज्याने तुला विचारलं नाही त्याला दाखवायची तुला हौस होती, हे वाचून मला कुठे तोंड लपवावं कळेना.

लावला हात, पोरी. आधी तापलेल्या इस्त्रीने लावला आणि मग ओल्या हाताने. दोन्ही वेळा साडी तुझीच होती.

आता कामाचं. लग्न अकरा मेला, घाटनांदूरला. आई तीच साडी नेसणार आहे, मी तिला सांगितलं आहे आणि तिने आधीच ठरवलेलं आहे. फक्त साडीचं काम थोडं राहिलं आहे. आम्ही सगळी साडी पिळली पण पदर सोडला. आईने त्याला हात लावू दिला नाही. म्हणाली, "पदर समद्यांच्या डोळ्यापुढं असतो. तिथं आपला जाडाभरडा पीळ नको. ते काम तेजूचं." तर पदर मी पुन्हा इस्त्री मारून ठेवला तसाच आहे, सपाट, म्हणून तर फोटो अजून पाठवला नाही. वाळायला चार दिवस लागतात, हे तुला मी सांगायला नको. म्हणून तू लग्नाच्या आधी चार दिवस तरी यायला हवंस. पाच आलीस तर आणखी बरं. परळीच्या स्टँडवर मी घ्यायला येईन. उशीर झाला तरी बसून राहीन.

येत्या रविवारी फोन आला की मी उचलणार आहे. तोवर पत्र पोचलं असेल की नाही, माहीत नाही. मी कदाचित कोळशाचं आणि शेळीच्या पिल्लांचंच बोलेन. तू फोन ठेवू नकोस.

खळ मी करून ठेवतो. दोरी आणली आहे, मऊ सुताची, वळ उठणार नाहीत अशी. काल आई म्हणाली, तेजू आली की पदर आम्ही मायलेकी पिळू. मी म्हणालो, नाही. यावेळी तू ओट्यावर बस. हा पदर मी आणि तेजू पिळणार. कुठल्या हाताला फिरवायचं ते तू सांग, मी तसं फिरवीन.

एक टोक धरून उभा आहे. दुसरं धरायला ये.

तुझा,
अण्णा